अकूस्टिक गिटारची तार खरखरते: पाना लावण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर टांगलेली, सॉलिड स्प्रूस टॉपची (वरची फळी अखंड स्प्रूस लाकडाची) ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची गिटार. ऑगस्टमध्ये घेतली तेव्हा ठणठणीत होती. जानेवारीपासून जाड ई आणि ए या दोन तारा पहिल्या ते चौथ्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) खरखरतात. एफ आणि जी कॉर्डला तर फारच. तारा ११ च्या संचातल्या (सगळ्यात पातळ तार ०.०११ इंचाची), आणि गळ्याला सोयीचं पडतं म्हणून सगळं ट्यूनिंग हाफ स्टेप, म्हणजे एक फ्रेट, खाली. दुकानदार म्हणतो सॅडल (ब्रिजमधली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उचलून घ्या, मित्र म्हणतो ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा वाक ठरवणारा धातूचा दांडा) आवळा. कोणाचं ऐकायचं?

आत्ता कोणाचंच नको. मित्राचा सल्ला तर चक्क उलटा आहे. तुम्ही सांगता तशी खरखर असेल तर रॉड आवळल्यावर ती वाढेल. दुकानदाराचं अगदीच चूक नाही, पण सॅडलला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आधीच उचललंत तर खरखर दबेल, मूळ दोष तसाच राहील, वरच्या फ्रेट्सवर तार बोटं कापायला लागेल आणि जुलैत दमट हवेने तारा आणखी उचलल्या की गिटार वाजवणं नकोसं होईल. खरखरीची आठ-दहा कारणं असतात आणि त्यातलं जवळपास प्रत्येक वेगळ्या जागी ऐकू येतं. म्हणून आधी जागा शोधायची.

पहिली विभागणी: तार फ्रेटला घासतेय, की गिटारमधलं दुसरंच काहीतरी थरथरतंय? याची सोपी परीक्षा आहे. ए तारेचा तिसरा फ्रेट आणि जाड ई तारेचा आठवा फ्रेट, दोन्हीकडे एकच सी सूर आहे. तसंच ए चा दुसरा आणि ई चा सातवा, दोन्हीकडे बी. एकच सूर दोन्ही जागी सारखाच खरखरला तर दोष फ्रेटचा नाही. त्या सुराला एखादा ढिला भाग जागा होतोय. एकाच जागी खरखरला तर नेककडे वळा. ढिल्या भागांत नेहमीचे संशयित ठरलेले. हेडस्टॉकच्या (नेकचं टोक, जिथे तारा पिळायच्या खुंट्या म्हणजे ट्यूनर असतात) पुढच्या बाजूचे ट्यूनरचे नट (बहुतेकांना १० मिमीचा पाना बसतो, हाताने आवळून वर थोडासा पीळ, त्याहून जास्त नाही), ट्यूनरच्या कानांचे छोटे स्क्रू, ट्रस रॉडवरची झाकणी, ट्यूनरपाशी न कापता सोडलेली तारांची टोकं, पिकअप असेल तर आतली लोंबती वायर, बॅटरीची खोबण आणि जॅकचा नट. दुसऱ्याला तो सूर वाजवायला सांगून एकेका भागावर बोट दाबत जा. खरखर थांबली की चोर सापडला.

दोन जागा सहसा कोणी बघत नाही. एक, ब्रिजमध्ये तार अडकवणाऱ्या पिनखालचा, तारेच्या टोकाचा गोळा. तो टॉपच्या आतल्या पट्टीला टेकून बसायला हवा; पिनच्या टोकावर लटकत राहिला तर खुळखुळतो. फोनचा कॅमेरा फ्लॅश लावून साउंडहोलमधून आत घाला आणि ब्रिजखालचा फोटो काढा, सहाही गोळे दिसतील. दुसरी, आतले ब्रेस, म्हणजे टॉपला आणि पाठीला आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या. टॉपवर आणि पाठीवर बोटाच्या पेराने हलकेच ठोकत फिरा. एके ठिकाणी भरीव आवाजाऐवजी फुटका, चिरका ‘खट्’ आला तर तिथला ब्रेस सुटलाय. ते काम रिपेअर करणाऱ्याकडेच द्या. आत हात घालून गोंद ओतायच्या भानगडीत पडू नका.

आता फ्रेटची खरखर. दाबलेली तार त्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत हलते, त्यामुळे ती घासते ती बहुतेक वेळा पुढच्या, ब्रिजकडच्या फ्रेटला. दुसऱ्या फ्रेटवर खरखरलं तर दोषी तिसरा, चौथा किंवा त्याच्याही पुढचा. हे डोक्यात ठेवून चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. सहा तारा, प्रत्येकीची मोकळी (न दाबलेली) तार आणि चौदा फ्रेट, असा तक्ता करा. नेहमीच्या जोरात एकेक सूर वाजवायचा. स्वच्छ असेल तर रिकामं, हलकी खरखर असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली. पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण हे पान पुढचं सगळं सांगतं.

फक्त मोकळी तार खरखरते आणि पहिल्या फ्रेटपासून पुढे सगळं स्वच्छ आहे: नट (इथे पान्याने आवळायचा नट नव्हे, तर हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी). पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर फुल्या, पुढे कमी होत जातात: नेक फार सरळ किंवा मागे वळलेला. सहा-सातपासून वर खरखर, खाली ठीक: नेकला वाक जास्त, नाहीतर सॅडल बुटकं. एका तारेवर किंवा शेजारच्या दोन-तीन तारांवर एकच फ्रेट: त्याच्या पुढचा फ्रेट उंच, सुटलेला, नाहीतर दाबलेलाच फ्रेट झिजून खोल गेलेला. बाराव्याच्या वर सगळीकडे: जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे उंचवटा आलाय. नटपासून टोकापर्यंत सगळीकडे सारखीच: तारांची उंची कमी झालीय, आणि नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चचा महिना असेल तर आधी हवेवर संशय घ्या.

तुमच्या वर्णनावरून फुल्या दुसऱ्या प्रकारात पडतात, म्हणजे सरळ नेक. पण ती गिटार ऑगस्टमध्ये घेतलेली आणि भिंतीवर टांगलेली आहे, त्यामुळे हवेचा मुद्दा टाळून चालणार नाही.

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. नाशिकला पावसाळ्यात हवा ८० च्या वर जाते. द्राक्षं बाजारात यायला लागली की तिथून पहिल्या पावसापर्यंत ती कोरडी होत जाते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ३० च्याही खाली येते. स्प्रूसचा टॉप मुळात किंचित फुगीर बनवलेला असतो. लाकूड सुकलं की तो फुगवटा बसतो, त्यावरचा ब्रिज खाली येतो आणि तारा फ्रेट्सच्या जवळ येतात. फळीचा सॉलिड टॉप यात प्लायच्या टॉपपेक्षा जास्त हलतो. नेकही हलतो, पण कोणत्या बाजूला वळेल हे त्या-त्या लाकडावर आहे, मोजल्याशिवाय सांगू नये. मुंबईहून आणलेल्या किंवा भिवंडीच्या गोदामातून पार्सलने आलेल्या गिटारींची हिवाळ्यात इकडे हीच गत होते. तिकडच्या दमट हवेत सेट झालेली गिटार कसारा घाट चढून कोरड्या हवेत येते आणि महिन्याभरात खरखरायला लागते. गिऱ्हाईक दुकानदाराला शिव्या देतं, दुकानदार कंपनीला.

कोरडेपणा ओळखायच्या दोन खुणा. नेकच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेट्सची टोकं टोचत असतील तर फ्रेटबोर्ड आकसलाय. मग एक लांब, सरळ पट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी ठेवा. निरोगी टॉपवर ती मधल्या फुगवट्यावर टेकून दोन्ही टोकांना डुगडुगते. टोकं टेकली आणि मध्ये फट दिसली तर टॉप बसलाय. अशा वेळी कुठलाही पाना हातात घ्यायचा नाही. गिटार भिंतीवरून काढून केसमध्ये किंवा निदान चांगल्या जाड बॅगेत ठेवा. प्लॅस्टिकच्या साबणदाणीला भोकं पाडा, आत स्पंज, त्यात डिस्टिल्ड वॉटर. स्पंज घट्ट पिळून, थेंब गळणार नाही असा. बॅगेत एक छोटं डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) टाका आणि आकडा ४५-५० वर आला की तिथेच दोन आठवडे राहू द्या. निम्म्या वेळा खरखर इथेच संपते. दोन आठवड्यांआधी निकाल लावू नका, लाकडाला वेळ लागतो. उन्हाळ्यात घरात डेझर्ट कूलर लावत असाल तर खोलीतली हवा आपोआप दमट होते, हा फायदाच. पण गिटार कूलरच्या झोतासमोर उभी करू नका. पश्चिमेच्या भिंतीवर टांगणं मात्र कायमचं बंद करा, एप्रिलमध्ये ती भिंत रात्री नऊपर्यंत गरम असते.

हवा ठीक झाली आणि खरखर राहिलीच, तर मोजायला बसा. तारा ऑगस्टपासून त्याच असतील तर आधी नव्या घाला. जुन्या तारेच्या वेटोळ्यांवर फ्रेटचे खड्डे पडतात आणि ती स्वतःच खरखरते. तिच्यावर सेटअप करणं म्हणजे श्रम वाया. मोजमापाला ०.०५ ते १ मिमीचं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) लागतं. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तेच. सातपूर-अंबडच्या कुठल्याही टूल्सच्या दुकानात मिळेल, आणि घरात कोणी कंपनीत असेल तर बहुधा कपाटात पडलेलंच असेल. नसेल तर ०.०१० इंचाच्या पातळ तारेचा तुकडा म्हणजे बरोबर ०.२५ मिमी, आणि झेरॉक्सचा एक साधा कागद म्हणजे ०.१ मिमीच्या आसपास. एवढ्यावर भागतं.

गिटार रोज ज्या ट्यूनिंगला वाजवता त्याच ट्यूनिंगला लावा, कारण ताण बदलला की नेक बदलतो. ती पाठीवर आडवी टाकू नका, वाजवताना धरता तशी मांडीवर धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार चौदाव्या फ्रेटवर, म्हणजे नेक बॉडीला मिळतो तिथे दाबा. आता ती ताणलेली तारच तुमची सरळ पट्टी झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी फ्रेटचा माथा आणि तारेची खालची कड यात किती फट आहे ते बघा. याला रिलीफ म्हणतात, आणि तो ०.१५ ते ०.२५ मिमी असावा. हलणारी तार मध्यावर सगळ्यात जास्त फाकते, म्हणून नेकला एवढा खळगा लागतोच. नेक अगदी सरळ असला तर जाड तारांना हलायला जागा उरत नाही. गेजचं ०.१५ चं पातं आत जाताना तार उचलली जात असेल, किंवा फटच नसेल आणि तार फ्रेट्सवर लोळत असेल, तर निदान पक्कं. आणखी एक खूण: दहाव्या-बाराव्या फ्रेटवर दाबलं की बोटाच्या मागे, नटकडच्या बाजूला बारीक झिणझिण ऐकू येते. डाव्या हाताचं दुसरं बोट मागे हलकेच टेकवून ती थांबली, तर तीही सरळ नेकचीच.

आता ट्रस रॉड. त्याचं टोक साउंडहोलमध्ये फ्रेटबोर्डच्या खाली असतं किंवा हेडस्टॉकवर झाकणीखाली. बहुतेक गिटारना ४ किंवा ५ मिमीची ॲलन की लागते, काही अमेरिकी बनावटींना इंची मापाची. चावी ढिली बसत असेल तर ‘जवळपास बसते’ म्हणून फिरवू नका. आतले कोपरे एकदा झिजले की साधं सेटिंग मोठ्या खर्चावर जातं. चावी घालाल त्या बाजूने बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो, नेक सरळ होतो, रिलीफ कमी होतो. उलट फिरवलं की ढिला होतो, तारांचा ताण नेकला पुढे ओढतो आणि रिलीफ वाढतो. तुम्हाला उलटंच फिरवायचंय. सुरुवातीची जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. एका वेळी अष्टमांश फेरा, फार तर पाव. मग पुन्हा ट्यून करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मोजा. एका दिवसात अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. फिरवताना कुरकुर झाली किंवा जोर लावावा लागला तर तिथेच थांबा. काही स्वस्त गिटारमध्ये रॉड आधीच सैल निघतो, चावी नुसतीच गरगर फिरते. तिथे रॉडकडून अजून रिलीफ मिळणार नाही. मग जाड तारा हाच मार्ग. दोन्हीकडे काम करणारा रॉड असेल तर सैल टप्प्यानंतर पुन्हा थोडा अडकल्यासारखा लागतो आणि तिथून नेकला पुढे ढकलायला लागतो. तिथे आणखी सावकाश.

रॉडने तारांची उंची कमी-जास्त करायची नसते. हे सांगून सांगून लोक थकले तरी अर्ध्या नाशकात ‘ॲक्शन उंच आहे, रॉड आवळा’ हाच मंत्र चालतो. रॉड फक्त नेकचा वाक ठरवतो. उंची सॅडल आणि नटकडे.

रिलीफ जागेवर आला की नट तपासा. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर डोळा लावा. तिथे केसाएवढी फट हवी, साधारण ०.०५ ते ०.१५ मिमी. झेरॉक्सचा कागद सरकताना अडतो-अडतो करत गेला तर उत्तम. तार फ्रेटला टेकूनच असेल तर खाच खोल गेली. खात्रीसाठी तार सैल करून खाचेत कागदाची बारीक पट्टी घाला, पुन्हा ट्यून करा. मोकळ्या तारेची खरखर गेली तर नटच.

नटचा दुसरा दोष जास्त फसवा असतो. मोकळी तार खरखरत नाही, तर सतारीसारखी झणझणते. खाचेचा माथा फ्रेटबोर्डकडच्या कडेला असायला हवा आणि तिथून खाच हेडस्टॉककडे किंचित उतरती. ती सपाट किंवा उलट उतरती झाली तर तार कडेवरून सुटण्याऐवजी पृष्ठभागाला चाटून जाते. तंबोऱ्याला मिरजेचे कारागीर घोडीवर जी जवारी मेहनतीने लावतात तेच इथे नको असताना होतं. सॅडलचा माथा फार रुंद-सपाट असला तरी हाच आवाज येतो, पण तो मोकळ्या आणि दाबलेल्या, दोन्ही तारांवर.

खोल गेलेली एखादी खाच भरता येते. तार बाजूला काढा, नटच्या दोन्ही बाजूंना, फ्रेटबोर्डवर आणि हेडस्टॉकवर मास्किंग टेप लावा. खाचेत खाण्याचा सोडा भरून कड सपाट करा, वर फेविक्विकसारख्या पातळ गोंदाचा एक थेंब. काही सेकंदांत दगड होतो. वाफ नाकाडोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. मग नवी खाच घासायची. नटच्या खास फाइल महाग आहेत. गॅस वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा नोझल क्लीनरचा संच कमी पैशांत बरंचसं काम करतो, त्यातल्या गोल खरबरीत काड्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात. खाच तारेपेक्षा किंचित रुंद ठेवा: ०.०५३ इंचाच्या जाड ई ला सुमारे १.४ मिमी, ०.०१२ इंचाच्या पातळ ई ला ०.३५ मिमीच्या आसपास. काडी हेडस्टॉककडे झुकवून चालवा. चार घासांनंतर तार बसवून मोजा, पुन्हा चार घास. शेवटच्या ०.१ मिमीलाच घोटाळे होतात. हा इलाज पातळ तारांखाली बरा टिकतो, वेटोळ्यांच्या जाड तारा त्याला करवतीसारख्या कापत जातात. सहाही खाचा खोल असतील तर भरत बसू नका. नट काढून त्याखाली व्हिजिटिंग कार्डाच्या कागदाची पट्टी चिकटवा, नाहीतर हाडाचा नवा नट बसवून घ्या. स्वस्त गिटारमधला पोकळ प्लॅस्टिकचा नट वाचवण्यासारखा नसतोच.

एकाच फ्रेटवर फुल्या असतील तर तीन फ्रेट्सवर टेकेल अशी छोटी सरळ कड लागते. मुदत संपलेलं एटीएम कार्ड पहिल्या तपासणीला चालतं. गोल कोपरे सोडले तर त्याची लांब बाजू सुमारे ७९ मिमी सरळ आहे. ६४८ मिमी स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंतची लांबी) गिटारवर पहिल्या सहा फ्रेट्सपर्यंत ती तीनच फ्रेट्सवर बसते. आखूड बाजू सुमारे ४७ मिमी, ती आठव्यापासून पंधराव्यापर्यंत. मधल्या भागासाठी दुसऱ्या कार्डाचा ५५ मिमीचा तुकडा कापा, कापलेली नव्हे तर मूळची कड वापरा. कड मधल्या फ्रेटवर डुगडुगली, ‘टिक-टिक’ आवाज आला, तर तो मधला फ्रेट उंच. प्रत्येक तारेखाली तपासा, फ्रेट एका टोकालाच उचललेला असू शकतो.

उंच सापडला की लगेच घासायला घेऊ नका. आइस्क्रीमच्या काडीने त्यावर घट्ट दाब द्या आणि पुन्हा कड ठेवा. डुगडुग गेली तर फ्रेट उंच नाही, सुटलाय; आणि नाशिकच्या कोरड्या महिन्यांत सुटलेलेच जास्त निघतात. त्याच्या कडेने पातळ गोंदाचा अर्धा थेंब सोडायचा, वर लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने अर्धा तास दाबायचा, आजूबाजूच्या फ्रेटबोर्डवर टेप आधीच लावायची. दाबूनही डुगडुगतो तो खरा उंच. तो कानसून पुन्हा गोल करून घासायला हात बसलेला लागतो. लेव्हलिंग रिपेअर करणाऱ्यालाच द्या. पहिल्या तीन फ्रेट्सवर, विशेषतः बी आणि पातळ ई खाली, खाचा पडल्या असतील तर तिथेही तेच, कारण तार त्या खाचेत बसते आणि पुढचा फ्रेट आपोआप उंच ठरतो.

सॅडल शेवटी का, ते आता लक्षात आलं असेल: वरचं काहीही बदललं की उंची बदलते. बाराव्या फ्रेटवर माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोकळ्या तारेची उंची मोजा. जाड ई ला २.४ ते २.७ मिमी, पातळ ई ला १.८ ते २.० हे जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला सुखाचं. रिलीफ, नट, फ्रेट सगळं ठीक आणि जाड ई २ मिमीवरच, तर उचला. हिशेब दुपटीचा: बाराव्या फ्रेटवर ०.३ मिमी हवे असतील तर सॅडलखाली ०.६ ची पट्टी. पट्टी सॅडलच्या पूर्ण तळाला बसेल अशी, लाकडाची किंवा कडक प्लॅस्टिकची. घडी घातलेला कागद महिना-दोन महिने तपासण्यापुरता. सॅडलखाली पिकअप असेल तर पट्टी तंतोतंत सपाट हवी, नाहीतर ॲम्प्लिफायरमध्ये एखाद-दुसरी तार बुजलेली ऐकू येईल. सॅडल खाचेत पुढे झुकलेलं, हलणारं असेल तर आधी घट्ट बसणारं सॅडल घाला.

एवढं झाल्यावर हाताचाही हिशेब करा. एफ बार कॉर्डला (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं) पहिलं बोट फ्रेटच्या मागे लगेच न येता मध्यावर पडलं तर कुठलीही गिटार खरखरते. कॅपो फ्रेटपासून लांब लावला तरी तेच. आणि जोरात वाजवल्यावर जाड ई वर थोडी खरखर राहणारच. फोन तीन-चार फूट लांब ठेवून रेकॉर्ड करा. त्यात ऐकू येत नसेल तर वाजवणाऱ्याच्या कानाला जवळून जाणवतंय एवढंच. ती शून्यावर आणायच्या नादात ॲक्शन वाढवत नेऊ नका.

आता तुमच्या तारा आणि ट्यूनिंग. माझ्या मते तुमच्या गिटारचा निम्मा आजार इथेच आहे. हाफ स्टेप खाली आणलं की प्रत्येक तारेचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. त्यात ११ चा संच १२ च्या संचापेक्षा आधीच दहाएक टक्के सैल. दोन्ही मिळून नेकवरची ओढ इतकी उतरते की रॉड त्याला मागे खेचून सरळ करून टाकतो. शिवाय सैल तार हलताना जास्त फाकते, म्हणजे कमी जागेत जास्त हालचाल. १२-५३ चा संच हाफ स्टेप खाली लावला तर एकूण ताण जवळपास ११ च्या संचाच्या नेहमीच्या ट्यूनिंगएवढा येतो. म्हणून क्रम असा ठेवा: दोन आठवडे हवा, मग १२ चा संच, एक दिवस बसू द्या, मग रिलीफ मोजा. कदाचित रॉडला हात लावावाच लागणार नाही. लागला तर पाव फेऱ्याच्या आत. नटच्या खाचा ११ च्या तारांना कापलेल्या असतील तर जाड तार ट्यून करताना ‘टिंग’ करून अडकेल. तशी अडकली तर त्या खाचेची फक्त रुंदी नोझल क्लीनरने किंचित वाढवा, तळाला काडी लागू देऊ नका. जुलैमध्ये टॉप पुन्हा फुगून तारा उचलल्या की हीच मापं परत घ्या, आणि रॉड कुठून कुठे फिरवला ते त्या तक्त्याच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.